सोमणसाहेबांचे उच्चार

"भाऊजी, आज खाली थांबू नका. हे गेले."

सोमणवहिनींचा फोन आला तेव्हा मी अल नहदामधल्या त्यांच्या बिल्डिंगखालीच गाडी चालू ठेवून बसलो होतो. अकरा वर्षं सोमणसाहेब आणि मी शारजाहून दुबईच्या ऑफिसला एकाच गाडीने जात होतो. त्या सकाळी त्यांना पहिल्यांदाच उशीर झाला, म्हणून मी मनातल्या मनात चिडलोही होतो... आता दीड महिना झाला. त्यांच्याविषयी सगळे चांगलंच बोलले. मला जे सांगायचंय, ते माझ्याविषयी फारसं चांगलं नाही.

त्यांची मुलगी अश्विनी जर्मनीत असते, जावई तिकडचाच. नात ईरा बालवाडीत जायला लागली आणि मराठी सोडून नुसतं जर्मन बोलायला लागली. अश्विनीने मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये. व्हिडिओ कॉलवर आजोबा नुसते हसत बसायचे. साठीला टेकलेला हा माणूस एके दिवशी गाडीत बसता बसता मला म्हणाला, "तुम्हाला येतं ना जर्मन? मग आजपासून तुम्ही आमचे गुरुजी." येतं असं मीच ऑफिसभर सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे कॉलेजात असताना पुण्यात तीन महिने क्लासला गेलो, पहिल्याच परीक्षेत नापास झालो आणि सोडून दिलं. बायोडेटात मात्र 'जर्मन येतं' ही ओळ वीस वर्षं टिकून होती.

सोमणसाहेब शिकायला लागले ते एखाद्या पोराच्या हावरेपणाने. ट्रॅफिकमध्ये अडकलो की पुढच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने जर्मनमध्ये वाचायचे. शेजारच्या टॅक्सीवाल्याला वाटायचं, आपल्यालाच काही म्हणतायत, तो बिचारा हात करायचा. जर्मनमध्ये आधी तीन आणि मग चाळीस, म्हणजे आपल्या त्रेचाळीससारखंच, हे कळल्यावर तर त्यांना जर्मन माणसं थेट रत्नागिरीकडची वाटायला लागली. सहा-सात महिन्यांत ते माझ्या पुढे गेले. अश्विनीने पाठवलेलं ईराचं चित्रांचं पुस्तक घेऊन यायचे, एखाद्या ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारायचे. मी दोन दिवस उद्या सांगतो म्हणून टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पुस्तक उघडलं तेव्हा मी समोर बघत म्हणालो, "साहेब, तुमचे उच्चारच बसत नाहीत. या वयात जीभ वळत नाही हो. उगाच पोर हसेल."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बरं गुरुजी. खलास." पुस्तक बॅगेत गेलं. मी रेडिओ लावला... मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

उन्हाळ्यात ते महिनाभर जर्मनीला जाऊन आले. ईराबद्दल विचारलं तर म्हणाले, हात धरून बागेत न्यायची, बोलायचं काय असतं त्यात. मला गुरुजी म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

गेल्या आठवड्यात अश्विनी सहा वर्षांच्या ईराला घेऊन आली, म्हणून भेटायला गेलो. जेवणाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. आजोबा आणि नात कॉलवर चित्रं काढून एकमेकांना दाखवायचे, हे मला तेव्हा कळलं. ईराने त्यातला एक कागद माझ्यासमोर धरला. गाडीत बसलेली दोन माणसं. तिने काहीतरी विचारलं. मला समजलं नाही.

"काका, यातले आजोबांचे गुरुजी कोण, असं विचारतेय," अश्विनी म्हणाली. "तुम्ही जर्मनमध्येच बोला ना तिच्याशी. बाबांना तिचं सगळं समजायचं हो, पण तोंड उघडायचे नाहीत. म्हणायचे, माझे उच्चार वाईट आहेत, गुरुजींनी सांगितलंय."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यासमोरच म्हणालो, "अश्विनी, मला जर्मन येत नाही. कधीच येत नव्हतं. त्यांचे उच्चार चांगले होते."

असू दे काका, असं ती म्हणाली नाही. वहिनींनी ट्रे ठेवला आणि त्या आत गेल्या. मग अश्विनी ईराशी हळू आवाजात काहीतरी बोलली. ईराने माझ्याकडे नीट बघितलं, गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीसकट माझ्यापुढे सरकवला.

मी आधी गाडी काढली. मग स्टिअरिंगवर मी, शेजारी चष्मेवाले सोमणसाहेब. त्यांचं तोंड मी उघडं काढलं.