गाडी काय म्हणते?

आमच्याकडे मोठी गाडी आली ती बाबांच्या गुडघ्यांमुळे. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सात वर्षांची लेक, जुन्या छोट्या गाडीत सुखानं मावत होतो. पण त्या उन्हाळ्यात बाबा अमरावतीहून यायचे होते, आणि त्या ठेंगण्या गाडीत त्यांना बसवायचं म्हणजे घडी घालूनच बसवावं लागलं असतं.

आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच डब्लिनला येत होते. मी फोनवर किती महिने मागे लागले होते, तेव्हा कुठे कबूल झाले. तेही अट घालून. "येतो, पन एकडाव. तिथं मी कोनासंग बोलू? तू ड्यूटीवर, जावई हाफिसात, अन् पोट्टी तं इंग्रजीबिगर बोलत नाई. पाहून घेतो एकडाव, मंग बोलावू नको."

हे मला फार लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इथल्या शाळेच्या इंग्रजीत. जेवायला ये म्हटलं की "आयॅम ग्रँड, मॅमी," म्हणजे मला नको. बाबांनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण डब्लिनच्या पोरांचं इंग्रजी ऐकू येण्याआधीच निघून जातं. व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांकडे बघून हसायची आणि मग दोघंही माझ्याकडे बघायची. असंच चाललं तर बाबा परत जातील आणि पुन्हा येणार नाहीत, माझ्या मुलीचा आजोबा मोबाइलच्या काचेतच राहील, या भीतीनं मला झोप लागत नव्हती.

नवरा पुण्याचा, ग्रँड कॅनाल डॉकला सॉफ्टवेअरमध्ये. तो कुठलीही गोष्ट आधी आठवडाभर वाचतो आणि मग घेतो. त्यानं शोधून काढलं की जपानमधून वापरलेल्या आठ माणसांच्या गाड्या इथं येतात. त्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, पायरी बुटकी, मागचे दरवाजे बटन दाबलं की आपोआप सरकणारे. क्लोनडॉकिनच्या एका बिझनेस पार्कात अशा गाड्या आणणारा एक माणूस होता. तिथं जाऊन आम्ही एक पांढरी गाडी पसंत केली.

गाडी आयर्लंडला आली होती, पण तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. सगळी बटनं जपानीत. नकाशावर ती अजूनही तिकडच्याच कुठल्याशा बंदरात उभी. जपानी रेडिओवर इथलं एकच स्टेशन लागायचं, त्यावर बातम्या आणि गुरांच्या साथी. आणि किल्ली फिरवली की एक बाई अतिशय नम्रपणे काहीतरी बोलायची.

"टोलचं कार्ड मागते ती, बाकी काही नाही," विकणारा इंग्रजीत म्हणाला. तिकडे टोलनाक्यासाठी गाडीत एक डबी बसवलेली असते, आणि त्यात कार्ड नसलं की ती दर वेळी आठवण करून देते. "काढून टाकू का तिला? नो बॉदर." नवरा हो म्हणणारच होता, पण मला ब्युमॉन्टला हॉस्पिटलात ड्यूटीवर पोचायचं होतं. ते राहून गेलं.

बाबांना एअरपोर्टवरून आणलं तेव्हा ते न वाकता पुढच्या सीटवर चढले, मागच्या रांगा बघितल्या आणि म्हणाले, "हे तं आपली काळीपिवळी हाय." आमच्याकडे खेड्यापाड्यांत सवाऱ्या भरून नेणाऱ्या जीपला काळीपिवळी म्हणतात. नवरा हिरमुसला, पण ही मोठीच पावती होती. मी किल्ली फिरवली आणि बाई बोलली.

बाबा दचकले. त्यांनी मागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोन बोललं?"

"गाडी."

"आपल्या तिकडची हाय का?"

"जपानी आहे बाबा ती."

"जपानी कशी? साफ म्हनून राहिली, काढ गा सोन्या."

मी गाडी बंद करून परत सुरू केली. त्या बाईचं खरं वाक्य 'कादो गा सोन्यू' असं काहीसं सुरू होतं आणि पुढं पुटपुटत संपतं. पण बाबा म्हणाले ते एकदा कानात बसल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. काढ गा सोन्या. म्हणजे गाडी काढ रे बाळा, चल निघू या.

वऱ्हाडात पुरुषाला 'गा' म्हणतात आणि बाईला 'वं'. मी किती वर्षांनी गा ऐकत होते! पुण्याला मेडिकलच्या होस्टेलात लोक हसायचे, म्हणून माझी वऱ्हाडी पहिल्याच वर्षी ट्रंकेत गेली ती गेलीच. बाबांचं दुःख वेगळं होतं. त्यांना 'गा' आणि 'सोन्या' म्हणणारी माणसं त्यांच्याहून मोठी, आणि ती सगळी एकेक करून गेली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सोन्या कोण म्हणणार? घरी येईपर्यंत बाबांचा चेहरा उजळलेला होता.

घरात मात्र पहिले काही दिवस माझ्या भीतीप्रमाणेच गेले. बाबा खिडकीशी बसून समोरच्याच्या लॉनमधलं गवत बघायचे. लेक शाळेतून आली की शहाण्यासारखी "हाय, आबा" म्हणायची आणि वर पळायची. ते बोलायचे फक्त गाडीत, तेही गाडीशी. बाई बोलली की लगेच, "काढतो वं बाई, काढतो!" मागे लेक खुदकन हसायची.

एका रविवारी आम्ही समुद्राकडे निघालो होतो. लेकीनं विचारलं, गा म्हणजे काय? मी सांगणार तेवढ्यात बाबांनी मास्तरांच्या आवाजात नियम सांगितला. "बाप्याले गा, बाईले वं." तिनं ते पुटपुटून पाहिलं. पुढच्या सिग्नलला म्हणाली, "बट मॅमी इज ड्रायव्हिंग! शी शुड से वं!"

बाबांना त्यातलं फक्त 'वं' कळलं आणि तेवढं पुरलं. गुडघ्यांची पर्वा न करता ते पूर्ण मागे वळले. "बराबर! शंभर टक्के बराबर! पन ते पडली जपानची, तिले काय मालूम?"

"तिले शिकवू," लेक म्हणाली.

सात वर्षं मी या मुलीच्या मागे लागले होते. चित्रांची पुस्तकं, शनिवारचा ऑनलाइन वर्ग, चॉकलेटची लाच, सगळं करून झालं होतं. तिनं आपणहून दिलेलं पहिलं मराठी उत्तर हे होतं, आणि ते माझ्या मराठीत नव्हतं, माझ्या आईच्या मराठीत होतं. मी पुढच्या चौकात चुकीच्या रस्त्याला वळले आणि मागच्यानं हॉर्न वाजवला.

त्यानंतर शाळा गाडीतच भरू लागली. दुकानात जायचं असलं तरी दोघं आधी येऊन बसलेली असायची. बाई बोलली की लेक तिला दुरुस्त करायची, "काढ वं सोने म्हन!" एकदा सकाळी नवऱ्यानं लवकर आवर म्हटलं, तर का म्हणून, असं तिनं शांतपणे विचारलं, "काहून गा, डॅडी?" नवऱ्याचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. "मराठी यावी असं मला वाटत होतं," तो मला म्हणाला, "पण ही?" मला इतकं हसू आलं की खुर्ची धरावी लागली.

व्हिसाचे दिवस संपले. एअरपोर्टवर बाबांनी उतरण्याआधी डॅशबोर्डवर थोपटलं आणि मला म्हणाले, "आयकत जा वं हिचं." पुन्हा येण्याचं त्यांनी काढलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही, कारण नाही म्हणाले असते तर तेच कायमचं झालं असतं.

मग रेडिओ बदलायला नवऱ्यानं गाडी क्लोनडॉकिनला नेली. दुसऱ्या दिवशी मी किल्ली फिरवली, आणि नुसतंच इंजिन सुरू झालं. त्या भल्या माणसानं, हातासरशी म्हणून, टोलची डबीही काढून टाकली होती. मी नवऱ्यावर भडकले. तो बिचारा गोंधळला, कारण सुरुवातीला ती काढायला मीही नाही म्हटलं नव्हतं. क्लोनडॉकिनला फोन केला, तर डबी भंगारात गेलेली. "शुअर, यू'ल नेव्हर मिस हर," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, त्या मोठ्या रिकाम्या गाडीत बसून रडले.

त्या शनिवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. पहिलाच प्रश्न, "गाडी काय म्हनते?"

आपल्याकडे असं कशाबद्दलही विचारतात. तब्येत काय म्हणते, नोकरी काय म्हणते. मजेत आहे म्हटलं की झालं. पण बाबा विचारत होते ते शब्दशः, आणि उत्तराची वाट बघत होते. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. मी नेटवर्क नीट नसल्यासारखा फोन उगाच हलवत राहिले.

लेकीनं तो माझ्या हातातून घेतला. गाडी गप्प झाल्याचं तिला माहीत होतं. तिनं क्षणभर विचार केला.

"आबा, गाडी म्हनते, आबाले आनाले कधी जायचं?"

पडद्यावर बाबांचा चष्मा फक्त खाली-वर झाला. मला त्यांची अट आठवली, एकडाव, मंग बोलावू नको. मग त्यांनी घसा खाकरला.

"तुया मायले सांग," ते म्हणाले, "काढ म्हना."