सांगणाऱ्याचं नाव

बिरूच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि पाटी पुसावी तसं त्याचं साठ वर्षांचं आयुष्य पुसलं गेलं. गंगापूरच्या माळावर राखलेली मेंढरं गेली, वाळूजला कंपनीच्या गेटवर केलेली वॉचमनकी गेली. लेक योगिनी रोज फोटो पुढं धरी.

"आप्पा, सांगा बरं, मी कोण?"

तो ओशाळून जमिनीकडं बघे. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. पण वच्छलाबाई कसली ऐकते! नवऱ्यानं एकदा तरी लेकीला ओळखावं, एवढंच तिचं मागणं होतं.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती सुंबरान पुटपुटत होती. धनगरांनी गाऊन सांगायची ही कथा गावच्या जत्रेत बिरूच मांडायचा. तीस वर्षं ऐकून बाईला ती पाठ झालेली. पाठ म्हणजे आपली अर्धीमुर्धी.

"मेंढरं पैठणला गंगेत घातली, म्होरं निघाली काळी मेंढी..."

"काळी नाय. लंगडी."

तव्यावरची भाकरी करपली. इतका वेळ भिंतीला टेकलेला बिरू आता ताठ बसला होता.

"मंग तुमीच सांगा की! येतंय का?" तिनं मुद्दाम डिवचलं. चुकीचं सुंबरान धनगराला खपत नाही, आणि बायकोनं सांगितलेलं तर मुळीच नाही.

बिरूनं कथा हाती घेतली. गंगेला पूर आला, लंगडी पाण्यात शिरली, कळप मागं निघाला. ज्याला स्वतःचं ताट ओळखू येत नव्हतं, तो एकेक मेंढरू नावानिशी पलीकडं नेत होता. योगिनी ड्युटीवरून आली ती दारातच खिळली. वच्छलाबाई तवा उतरवायचा विसरली. एवढं सगळं होतं तरी कुठं? यानं गोष्ट धरून ठेवली होती, की गोष्टीनं याला?

कथा संपत आली तशी मात्र ती चुलीपुढून उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. शेवटी सांगणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, तेव्हा सुंबरान पुरं होतं, अशी त्यांची रीत. आता हा नाव कुठून आणणार?

बिरू थांबला. मग एकेक शब्द चाचपत आला.

"सांगणार बिरू... कचरूचा ल्योक... गंगापूरच्या माळाचा..."

बाकीचे सांगणारे इथंच थांबत. बिरूनं मात्र लेक झाली त्या वर्षी भर जत्रेत आपल्या मनाचे दोन शब्द पुढं जोडले होते. लोक खो खो हसले होते, वच्छलाबाई लाजून चूर झाली होती.

"...अन् योगिनीचा बाप."

मग त्यानं दाराकडं मान वळवली.

"दारात का उभी गं? ये की आत."