सगळ्या कामांचं खोगीर

माझ्या मोठ्या दिरांइतका प्रत्येक कामाला वेगळी वस्तू मागणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, शहरातल्या छावणी भागात घर, आणि घरामागच्या दुसऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर बांधलेली एक घोडी. दाढीचा आरसा वेगळा, भांग पाडायचा वेगळा. आंब्याला एक सुरी, पेरूला दुसरी. जाऊबाईंनी एकदा पेरूच्या सुरीनं कांदा चिरला, तर दादांनी त्या मोसमात पेरूच खाल्ला नाही. मी एकाच कढईत पोह्यांपासून पुऱ्यांपर्यंत सगळं उरकणारी बाई. आमचं पटायला नको होतं, पण पटायचं, कारण दादा भांडत नसत. समजावून सांगत, आणि तेवढ्या वेळात माझी भाजी निवडून होई.

घोडी एक आणि खोगिरं चार. उडी मारायच्या खोगिराची बाजूची कातडी पुढं झुकलेली, कारण उडीच्या वेळी गुडघा पुढं येतो. तालात चालवायच्या खोगिराची बैठक खोल आणि बाजू सरळ खाली, म्हणजे पाय लांब सुटतो. लांब पल्ल्याचं रुंद आणि हलकं. या घोडीनं जन्मात एका नालीपलीकडे काही ओलांडलेलं नाही, आणि तीही वळसा घालून, हे मी त्यांच्या कानावर घातलं. "म्हणून तयारी ठेवायची नाही का?" दादा म्हणाले. चौथं खोगीर सर्वसाधारण वापराचं, तिन्हींचा थोडा थोडा गुण असलेलं. ते घोडीबरोबरच आलेलं. "सगळ्याला चालतं म्हणजे कशालाच धड चालत नाही," असं म्हणून दादांनी ते पत्र्याच्या पेटीमागं टाकलं होतं. एकदा दादा तालाचं खोगीर घालून निघाले, तर वाटेत घोड्यावरचाच एक मित्र भेटला आणि दौलताबादपर्यंत चला म्हणाला. दादा घरी आले, खोगीर बदललं, पुन्हा निघाले. मित्र तोवर दौलताबादहून परत येताना भेटला.

मग दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घोड्यावर बसणं कायमचं बंद केलं. त्यातच प्लॉटच्या मालकानं बांधकाम काढलं. दिवाळीपर्यंत जागा रिकामी हवी होती. घोडी कुणाला तरी देणं भाग होतं. येणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच विचारत, "हिच्याकडून नेमकं काय काम घेणार?" वरातीचा धंदा करणारा म्हणाला, बँडपुढं नाचवू. त्याला चहा न देता लावून दिलं. एकानं फार्महाऊसवर शोभेला ठेवतो म्हणून सांगितलं. त्याला चहा मिळाला, घोडी नाही. नवरात्र उलटलं. जाऊबाई मला म्हणाल्या, "आता हे घोडी आत हॉलमध्ये आणून बांधतात का काय."

शेवटी लासूर स्टेशनकडचा एक शेतकरी आला. आठवडाभर इथं कंपनीत नोकरी, सुट्टीला गावाकडं. दादांनी आपला प्रश्न विचारला.

"आता काय सांगू काका," तो म्हणाला. "शेतावर चक्कर मारू. पोरगी बसायला शिकते म्हणती. भाच्याचं लगीन हाय. पडंल ते काम."

हाही रिकाम्या हाती चालला, असं मी मनात म्हटलं. पण तो बोलता बोलता आपल्या खांद्यावरच्या उपरण्यानं घोडीच्या डोळ्यांवरच्या माशा वारत होता, आणि आपण वारतोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. दादा ते बघत राहिले.

"खोगीर कुठलं देऊ?" त्यांनी विचारलं.

"येकच द्या. समद्याला चालंल असं. लई असले तर मला कळायचं नाय."

दादांनी त्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं आणि पेटीमागचं खोगीर बाहेर काढलं. गुलमंडीच्या बाजारातून लोकर आणली. खालच्या गाद्यांची शिवण उसवून जुनी, गोळे झालेली लोकर उपसली. उजव्या खांद्यामागं घोडी जराशी खोल आहे म्हणे. त्या बाजूला चिमूटभर लोकर जास्त घालायची, घोडीच्या पाठीवर ठेवून बघायचं, पुन्हा काढायची. लगाम धरायला मी होते.

"लोक खोगीरभरती म्हणतात ती हीच का हो?" जाऊबाईंनी टोमणा मारला. "अन् जे कधी वापरलं नाही, त्याच्यासाठी?"

"काम कुठलंही पडू दे," दादा सुई न थांबवता म्हणाले. "पाठ तर हिचीच राहणार ना?"

त्यावर जाऊबाईंनी दुसरी सुई ओवून त्यांच्यापुढं धरली.

रविवारी घोडी गेली. आता दर रविवारी दादा लासूरला फोन लावतात आणि नमस्कार झाला की विचारतात, "पाठ कशी आहे?" त्या माणसाच्या मणक्याचं जुनं दुखणं आहे. त्याला वाटतं, काका आपलीच चौकशी करतात. तो भारावून सगळं सांगतो, कुठली गोळी लागू पडली, शेक कधी घेतो. दादा त्याचं सगळं सांगून होईपर्यंत ऐकून घेतात, आणि मग हळूच म्हणतात, "अन् तिची?"