पोटाच्या वर कोणी पाहिलं नाही

नणंदबाई, तुझ्याशी बोलायचं म्हणजे चार पावलं लांब बसलेलं बरं. तुझा हात कधी सुटेल याचा नेम नसायचा. जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत तू एकटीच बाई. नवरा गेला तेव्हा त्याचा घण उचललास आणि भिंतीवर असा घातलास की मुकादमाचंही तोंड बंद झालं.

पोट मात्र तुला छळायचं. कळ आली की दात आवळून स्वतःच्याच पोटात गुद्दे मारायचीस, ओढणी कमरेला करकचून बांधायचीस आणि पुन्हा घण. रक्त, दुर्बीण, सगळं तपासून झालं. "आतडी धड आहेत, त्यांची चाल तेवढी बिघडलीय," डॉक्टर म्हणाले. मुकादमाने त्यातलं 'धड आहेत' एवढंच ऐकलं.

जिना चढताना तुला धाप लागायची, ते तू कोणाला सांगितलं नाहीस. एका डॉक्टरने छातीला नळी लावली, तर त्याच्या कानफटात बसली. "दुखतंय पोट, अन् हा वर काय शोधतोय?" मग कोणी पोटाच्या वर गेलंच नाही.

एक दिवस मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "जड भिंत आली की बाईसाहेबांचं पोट दुखतं." त्याचे दोन दात तू तिथेच पाडलेस. त्याने तुला विटांच्या ढिगावर लोटून लाथ घातली. तू उठून त्याचं मनगट मोडलंस आणि काळीनिळी पडून कोसळलीस.

तुला शुद्ध यायच्या आत दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईने छाती ऐकून घेतली. शहाणी मुलगी.

"हृदयाच्या पडद्याला जन्मापासूनच भोक असावं. उद्या हृदयाची सोनोग्राफी करू."

"आणि पोटाचं काय?" मी विचारलं.

"दोन्हींचा संबंध असू शकतो, खात्रीने नाही सांगता येत. पण पोटाचे रिपोर्ट चांगले आले म्हणून छाती बघायचीच नाही, हे काही खरं नाही."

तू डोळे उघडलेस. "माझा घण?"

"मुकादमाने घरी नेलाय. म्हणतो, मनगटाच्या बदल्यात."

"वहिनी, तो आण. मग करा काय तपासायचं ते."

"आधी तपासणी."

"आधी घण. तू शिकलेली, तुझ्या अंगावर तो येणार नाही."

"येऊन तर बघू दे. उद्या जाते."

उद्यापर्यंत थांबशील तर ती तू कसली? मी चहा आणायला गेले तेवढ्यात तू खाटेवरून पसार. मुकादमाच्या दाराला खांद्याने धडका दिल्यास. दार निखळलं आणि दारासकट तू आत पडलीस, ती उठलीच नाहीस. मी पोचेपर्यंत तशीच पालथी होतीस. हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती.

भोकच होतं. नंतर शवविच्छेदनात कळलं.

घण अजून त्याच्याकडेच आहे. आणते म्हणाले होते मी. पण मला तो उचलवत नाही, आणि दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागलेला तुला चालला असता का?