भर दुपारचे दिवे

मूर्खपणा माझाच. पेणहून नव्या पिकअपमधून गणपती आणताना मी हार सुकू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डवर काचेला टेकवला. तेव्हा साठीची पोर मी, अक्कल यायची होती! भर दुपारी गाडीचे मोठे दिवे पेटले. बॅटरी उतरली तर देव रोह्याला पोचायचा कसा? मी बटण फिरवून ते विझवले, तरी दिवसाचे बारके दिवे जळतच राहिले. गाडी चालवणारी सून बटण परत ऑटोवर नेई, मी पुन्हा फिरवी. शेवटी तिने गाडी थांबवून फडकं उचललं. थोड्या वेळाने मोठे दिवे आपोआप विझले. उजेड ओळखणारा गाडीचा डोळा मीच झाकला होता. बारक्या दिव्यांकडे माझा हात पुन्हा वळला, तशी सून म्हणाली, "आई, ते दिवसा लागायचेच असतात. तुम्ही हार मांडीवर घ्या नि दोन्ही हात त्याच्यावर ठेवा. देवाला मी पोचवते."