चिठ्ठी नसलेली बाटली

गेली अठ्ठावीस वर्षे मी इतरांची म्हणणी कागदावर मांडत आलो आहे. स्वतःचे म्हणणे मांडण्याची ही पहिलीच वेळ. जे लिहिणार आहे ते आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुमची-माझी ओळख नाही हे एका परीने बरे आहे. ओळखीच्या माणसासमोर बसलो असतो तर पहिल्या चार ओळींतच मी स्वतःला निर्दोष ठरवून मोकळा झालो असतो. ती कला मला अवगत आहे. तीच तर अडचण आहे.

शहापूरला तहसील कचेरीच्या बाहेर अर्ज लिहिण्याचे माझे टेबल असते. शिक्षण म्हणाल तर नववी नापास. परंतु माझे अक्षर पाहून अव्वल कारकूनसुद्धा मान डोलावतात, हे मी अभिमानाने नमूद करतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या जुन्या अर्जनवीसांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, की पक्षकार बोलतो ते लिहायचे नसते, कार्यालयाला चालते ते लिहायचे असते. मी ते आयुष्यभर पाळले. इतके पाळले की —

थांबा. आधी शेडविषयी सांगतो.

किन्हवलीच्या अलीकडे, शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून माझे घर आहे. घरामागे पत्र्याची शेड. तिथे माझी पिकअप उभी राहते. डोळखांबकडच्या पाड्यांवरून भेंडी आणायची, मोगऱ्याच्या टोपल्या आणायच्या, भातलावणीच्या दिवसांत रोपांचे भारे न्यायचे. त्या चढ-उतारांवर गाडीचे हाल होतात. परंतु माझी पिकअप मी कधी गॅरेजला नेली नाही. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, ब्रेकचे लाइनर, फिल्टर, क्लचची प्लेट, सगळे घरी. शेडमधल्या फळीवर डबे आणि बाटल्या ओळीने लावलेल्या, आणि प्रत्येकावर माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. ‘इंजिन ऑइल, नवे.’ ‘इंजिन ऑइल, जुने, दरवाज्यांच्या बिजागऱ्यांसाठी.’ ‘ब्रेक ऑइल.’ लोक ती फळी पाहायला येत. “भाऊंच्या शेडमधी आंधळ्यालासुदा सामान सापडंल,” असे काळूराम म्हणायचा.

काळूराम माझा ड्रायव्हर. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचा. वाचायला त्याला जेमतेम येते, सही मात्र झोकात करतो. इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरचे दुखणे आहे ते सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही. मालकाने तसे बोलू नये, असे मला वाटे.

शेडमध्ये दुसरी एक गाडी होती. मुरबाडजवळ फार्महाउस असलेल्या एका शेठच्या वडिलांची जुनी अमेरिकन गाडी. दोनच दारे, होडीसारखे लांब बॉनेट, आठ सिलिंडर. चालू केली की पत्रे थरथरत आणि शेजारच्या कोंबड्या पांगत. फार्महाउसवर उंदरांनी तिची वायरिंग खाल्ली, तेव्हा शेठनी ती माझ्याकडे सांभाळायला दिली. दर रविवारी मी आणि काळूराम तिची सेवा करायचो. टायर खराब होऊ नयेत म्हणून ती लाकडी ठोकळ्यांवर घेतलेली असे. कार्ब्युरेटर साफ करायचा, बॅटरी लावायची, पाव तास इंजिन चालवायचे. काळूराम बॉनेटवर फडके फिरवत तिला म्हणायचा, “गो म्हातारे, पितेस किती आन् चालतेस किती!” ते रविवार चांगले होते. आता तेही आठवावेसे वाटत नाहीत.

त्या गाडीच्या स्टिअरिंगला वेगळे ऑइल लागे. शेठनी मुंबईहून डबा पाठवला होता. डबा बुडाशी गळू लागला, म्हणून मी उरलेले ऑइल एका रिकाम्या बाटलीत ओतले. बाटली ब्रेक ऑइलची होती. वरची जुनी चिठ्ठी मी ओल्या फडक्याने काढून टाकली. नवी लिहिणार होतो. तेवढ्यात कोणी वारसनोंदीच्या अर्जासाठी दारात आले. मी हात धुतले, चष्मा लावला, बाहेर गेलो. चिठ्ठी उद्या लिहू म्हटले. आणि सवयीने — केवळ सवयीने — ती बाटली मी ब्रेक ऑइलच्याच जागेवर ठेवली.

पुढचे तुमच्या ध्यानात आले असेल. पाच-सहा दिवसांनी पिकअपचे ब्रेक ऑइल कमी दिसले, तेव्हा हात फळीवरच्या नेहमीच्या जागी गेला. चिठ्ठी नाही हे मला दिसले का? दिसले असावे. पण माझ्या फळीवर चूक असू शकते, हे माझ्या मनातच येणार कसे? मी ओतले, झाकण लावले, वर काळूरामला सांगितले, की ब्रेक ऑइल भरले आहे, आता कुरकुर नको.

ज्यांना यातले ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या आत रबराचे वायसर असतात. त्यांना ब्रेक ऑइलच चालते. दुसरे कोणतेही तेल लागले की ते भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखे फुगतात. मग ब्रेक सुटत नाही, चाके तापत राहतात, आणि तापता तापता एक वेळ अशी येते की पेडल दाबले तरी खाली काहीच नसते.

काळूरामने मला सांगितले होते. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा म्हणाला, “भाऊ, पेडल परत येत नाय. चाकाला हात लावून बगा, भाकर भाजंल.” मी म्हटले, तू उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसतोस, दुसरे काय. दुसऱ्या दिवशी परत आला. “तसं नाय भाऊ. आतमधी कायतरी धरतंय. खोलून बगू या का?” मी टेबलावर निघालो होतो. चार लोक उभे होते, त्यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, “ड्रायव्हरने स्टिअरिंग धरावे. मेकॅनिक या घरात एक आहे, तेवढा पुरे.” लोक हसले. काळूरामही हसला. चावी घेऊन गेला.

डोळखांबहून खाली येताना, उताराच्या शेवटी जिथे वळण आहे, तिथे एस.टी.चा थांबा आहे. टोपल्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. ब्रेक लागला नाही. काळूरामने गाडी डाव्या हाताच्या मातीच्या बांधावर घातली. बायकांना ओरखडा आला नाही. त्याचा डावा गुडघा मात्र डॅशबोर्डखाली सापडला.

निरोप दुपारी आला. मी कुठे गेलो असेन असे तुम्हाला वाटते? दवाखान्यात? मी शेडमध्ये गेलो. ती बाटली उघडली, थेंब बोटांवर घेऊन चोळला. चिकट, गुळगुळीत. वास घेतला. बायको दारात उभी होती. “अवो, आधी त्याच्याकडं जा ना. इथं काय हुंगताय?” ती म्हणाली. मी झाकण लावले आणि बाटली जागेवर ठेवली. चिठ्ठी तेव्हाही लावली नाही. कारण चिठ्ठी लावली असती तर ती बाटली काय आहे हे मला ठाऊक होते, असे झाले असते.

दवाखान्यात हवालदार आले होते. मला पाहून त्यांना हायसे वाटले. “बरं झालं आलात. जबाब तुम्हीच घ्या लिहून, तुमचं अक्षर वाचायला बरं.” काळूराम वेदनेने पांढरा पडला होता. तो एवढेच बोलला, “ब्रेक लागला नाय. पंप मारला, तरी नाय लागला.” थांब्यावरच्या बायका तोवर सांगून गेल्या होत्या, की गाडी वाऱ्यासारखी आली. वाऱ्यासारखी येणारच होती. तिला थांबवणार काय होते?

मी लिहिले. पहिले वाक्य त्याचे नाव-गाव. दुसरे, मार्ग आणि माल. तिसरे वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे: ‘उतारावर वाहनाचा वेग अधिक असल्याने व तो माझ्याकडून वेळीच नियंत्रित न झाल्याने सदर अपघात घडला असून याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ सुरेख वाक्य आहे. कोठेही खोडलेले नाही. कागद त्याच्यासमोर धरला तेव्हा त्याने एकच विचारले, “ब्रेकचं लिवलंत ना, भाऊ?” मी म्हटले, “आवश्यक ते सर्व लिहिले आहे.” त्याने सही केली. नेहमीसारखी झोकात.

मला अटकेचे भय होते का? थोडे होते. परंतु खरे सांगायचे तर त्या घटकेला माझ्या डोळ्यांसमोर तुरुंग नव्हता. फळी होती. भाऊंच्या शेडमध्ये चूक झाली, असे लोक म्हणतील — एवढेच होते. एका माणसाचे नाव मी त्यासाठी बळी दिले. फळीसाठी.

चालकाने स्वतःच कबूल केल्यामुळे पोलिसांनी गाडी वरवर पाहून सोडली. गाडी ताब्यात मिळाल्याचा सुपूर्तनामाही मीच लिहिला. घरी आणून चाके खोलली, तेव्हा फुगलेले वायसर तळहातावर आले. मग ते चुलीत टाकले. रबराचा वास दोन दिवस घरात राहिला.

काळूरामचा पाय सांधला. किंचित लंगडतो, पण क्लच दाबायला पुरतो. परवानाही शाबूत राहिला. गेले ते नाव. पाड्यापाड्यांवर झाले, की काळूराम गाडी वेडीवाकडी हाकतो. पुढे कोणीतरी दारूही त्यात घातली. तो माणूस पीत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? मी कोणाला थांबवले नाही. त्याला पुन्हा स्टिअरिंग द्यायचे धाडस मीही केले नाही. लोक काय म्हणतील, असे त्याला सांगितले. तो वीटभट्टीवर जाऊ लागला. विटा उचलायला.

इथवर आलो तर वाटते, संपले. संपले नाही.

तीन वर्षांनी एका आश्रमशाळेच्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता. काळूराम माझ्या टेबलाशी आला, रांगेत उभा राहिला, पाळी आल्यावर बसला. “भाऊ, माजा अर्ज लिवा. जुनी भानगड ते इचारतीलच. तवा त्यात नीट लिवा, का तवा ब्रेक गेलता. माजी चूक नवती.” म्हणजे देवाने, नशिबाने, कोणी का असेना — तो कागद पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवला होता. एक वाक्य लिहायचे होते. मी लिहिले: ‘पूर्वी माझ्या हातून घडलेल्या निष्काळजीपणाची मला पूर्ण जाणीव असून यापुढे तसे घडणार नाही याची मी हमी देतो.’ स्वतःला समजावले, की कार्यालयाला नम्रता आवडते, जुना जबाब दप्तरी आहे, त्याच्याशी विसंगत लिहून कसे चालेल? सगळे मुद्दे बिनतोड होते. मी त्याला वाचून दाखवले नाही.

आठवड्याने तो सांगायला आला. “नाय झालं, भाऊ. ते बोलले, तू सवता कबूल करतोस, मंग पोरं तुझ्या गाडीत कशी बसवायची?” मी पेनचे टोपण लावत राहिलो. तो म्हणाला, “मी बोललो, भाऊंनी लिवलंय म्हंजे कायद्याचंच असंल.” यात टोमणा होता की विश्वास, ते मला तेव्हा कळले नाही. विचारण्याची हिंमत नव्हती. त्याने जाताना माझ्या पाण्याच्या तांब्यातून घोटभर पाणी घेतले, तांब्या पुन्हा झाकून ठेवला आणि गेला.

गेल्या महिन्यात शेठनी जुनी गाडी परत नेली. ठोकळ्यांवरून उतरवायला माहीतगार हात हवा होता. मी निरोप धाडला आणि काळूराम आला. केस पिकले आहेत त्याचे. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “गो म्हातारे, चाललीस?” ट्रकवर चढवली, दोर बांधले. गाडी गेल्यावर शेड मोठी वाटू लागली. तो न सांगता फळीवरची धूळ पुसू लागला. एकेक डबा उचलायचा, पुसायचा, ठेवायचा. आणि मग त्याच्या हातात ती बाटली आली.

इतकी वर्षे मी ती फेकली का नाही? फेकायला हातात घ्यावी लागली असती.

त्याने झाकण उघडले. थेंब बोटांवर घेऊन चोळला. जसा मी चोळला होता, तसाच. वास घेतला. शेजारी ब्रेक ऑइलची बाटली होती, तिच्याकडे पाहिले. रिकाम्या ठोकळ्यांकडे पाहिले. मग डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेतला आणि तसाच उभा राहिला. मी दारात होतो. एक शब्द बोलायला एवढी जागा मला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

मी बोललो नाही.

त्याने झाकण घट्ट लावले. बाटली पुसली, फळीवरून काढून खाली, वेगळी, भिंतीशी ठेवली. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “हिच्यावर चिठ्ठी लावा, भाऊ. कुनी चुकंल.”

तो गेल्यावर मी चिठ्ठी लिहिली. ‘स्टिअरिंग ऑइल. ब्रेकमध्ये घालू नये.’ अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. बाटली अजून भिंतीशी आहे.