पांढरीवरचा बुरूज

निवृत्त होईपर्यंत मी वर्ध्याच्या एका शाळेत इतिहास शिकवला. पोरांना गाडीत कोंबून रायगड दाखवला, प्रतापगड दाखवला. खंदक कसा ओळखायचा, किल्ल्याचा दरवाजा थेट समोर का दिसत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि माझ्या स्वतःच्या गावाला, हिंगणीच्या अलीकडे, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक भुईकोट किल्ला आहे हे मला कळलं मागच्या दिवाळीनंतर. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

गावात त्याला किल्ला कोणी म्हणतच नसे. पांढरी म्हणत. गावाच्या उगवतीला पांढऱ्या मातीचा मोठा उंचवटा, वर बाभळी नि टणटणीचं रान. पुरुष माणसं तिकडे फिरकत ती सकाळी टमरेल घेऊन. बाया मात्र सणावाराच्या आधी टोपल्या घेऊन जात, कारण भिंती पोतारायला तीच माती लागे. त्यांचा एक नेम होता. पावसानं खाली वाहून आलेली माती तेवढी उचलायची, वरच्या दगडांना कुदळ लावायची नाही. एखादी नवी सून हौसेनं खणायला लागली की म्हाताऱ्या तिला तिथंच झापत. दगडांच्या दोन मोठ्या गोल ढिगांना त्या बुरूज म्हणत. पण बायांच्या बोलण्याकडे मी कधी लक्ष दिलं होतं?

मागच्या दिवाळीत आईनं अंथरूण धरलं. वर्ध्याला घर बांधलं तेव्हाच मी तिला इकडे आणलं होतं, त्यानंतर ती गावी गेलीच नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार दिवस धरू नका. तुळशीच्या लग्नाला चार दिवस होते. आई म्हणाली, "बाबू, तुळशीचा ओटा पोताराचा हाय. पांढरीवरची माती आणून देजो."

मी वैतागलो. दुकानात रंगाचा डबा मिळतो, मातीसाठी गावापर्यंत कोण जाणार? पण तिनं कित्येक वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पोतं घेऊन निघालो.

कोणीतरी सरपणासाठी वरचं रान बरंच तोडलं होतं. माती भरायला वाकलो तर समोर उंबऱ्याचा लांब दगड. त्याच्या दोन्ही टोकांना दाराचे खुंट फिरून फिरून गुळगुळीत झालेले खळगे. मी पोतं टाकलं. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या बसण्याचे कट्टे होते. डावीकडचा ढीग म्हणजे घडीव दगडांचा बुरूज, त्यात बंदुकीसाठी ठेवलेली तिरपी भोकं. ज्या नाल्यात आम्ही म्हशी धुतल्या तो सरळसरळ खंदक होता. म्हातारा मी, पण लहान पोरासारखा त्या भिंतींवरून फिरलो. अर्धा तास मी फार सुखी होतो.

मग उजवा बुरूज शोधायला लागलो. दरवाजाला जोडीचा बुरूज असणारच. तिथं नुसता खड्डा होता. खाली शेळ्या चारत बसलेला माझा एक वर्गमित्र होता, त्याला हाक मारून विचारलं, "इथला दुसरा बुरूज कुठं गेला रे?"

तो हसला. "काऊन मजाक करून राह्यले गुरुजी? तुमच्याच घराच्या पायव्यात हाय तो. ट्रॅक्टर मीच तं नेलता."

खरं होतं ते. घर बांधताना ठेकेदार म्हणाला होता, पायव्याला घडीव दगड मिळाला तर उत्तम. मी म्हणालो, आमच्या गावात पडलाय ढीगभर. ट्रॉल्या भरत होत्या तेव्हा मी गावी उभा होतो. आई तेव्हा गावीच होती, घराच्या अंगणातून पाहत होती. तिनं एवढंच विचारलं होतं, "बुरजाचे दगड नेतं काय?" आणि मी म्हणालो होतो, "दगडच तं हाय माय, त्यात काय हाय?" त्यावर ती आत गेली होती. अडाणी बायकांनी कुदळ न लावता जे राखलं होतं, ते मी पदवीधर माणसानं चार दिवसांत उचलून नेलं.

संध्याकाळी घरी आलो. ओंजळभर माती तिच्या हातावर ठेवली. तिनं ती बोटांनी चुरडून पाहिली.

"हेच हाय," ती म्हणाली.

मी तिच्या खाटेशी बसलो. म्हणालो, "माय, पांढरीवर किल्ला होता."

"मंग? बुरूज काय वावरात राह्यते?"

माझा आवाज चढला. अपराधी माणसाचा चढतो तसा. "मंग तू मले तवा अडवलं काऊन नाई? रागवाचं होतं, ट्रॉलीपुढं उभं राह्याचं होतं!"

ती रागावली नाही. समजूत घालावी तशा सुरात म्हणाली, "तू मास्तर होता, बाबू. पोराईले किल्ले दाखवाले नेत होता. मले वाटलं, हा बुरूज कामाचा असता तं तूच नोको म्हणला असता. म्हणून मी चूप बसली."